घरच्या संगणकावर स्वतःची गप्पांची खोली

चार मित्रांना बोलायला एक जागा हवी. ती कुणा कंपनीच्या मालकीची नको, तिथे शिरायला फोन नंबर द्यावा लागायला नको, आणि मध्येच जाहिराती नकोत. एवढ्यासाठी महिन्याच्या भाड्याने सर्व्हर घ्यायची गरज नाही. कोपऱ्यात पडून असलेला जुना लॅपटॉप हे काम झोपेत करील. फक्त त्याला झोपू द्यायचं नाही, पण ते पुढे येईलच.

मी पहिल्यांदा असा सर्व्हर उभा केला तेव्हा सगळं एका दमात जोडलं: प्रोग्रॅम, राउटर, डोमेन, प्रमाणपत्र. मग मित्राला म्हटलं, ये आत. तो काही येईना. चूक चार ठिकाणी असू शकत होती आणि ती निघाली दोन ठिकाणी, त्यामुळे एक दुरुस्त केली तरी दुसरी अडवायची आणि मला वाटायचं की पहिली दुरुस्तीच फसली. दोन रात्री गेल्या. तेव्हापासून एकच क्रम पाळतो. संगणकाने आधी स्वतःशी बोलावं, मग घरातल्या दुसऱ्या यंत्राशी, आणि वेशीबाहेरच्या माणसाशी सगळ्यात शेवटी. एका टप्प्यावर गप्पा झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावायचा नाही. हा लेख त्याच क्रमाने जातो.

एक सूचना आधीच देतो. इथे आज्ञा, फायलींची नावं आणि आकडे देवनागरीत आहेत, पण संगणकावर ते रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे. स्पेलिंगचा घोळ होण्यासारखा असेल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

## आयआरसी का

गप्पांचे सर्व्हर पुष्कळ प्रकारचे आहेत. मॅट्रिक्स आहे, एक्सएमपीपी आहे, व्हॉइसवाले आहेत. नवशिक्यासाठी मी आयआरसीच (इंटरनेट रिले चॅट) सुचवतो, कारण त्याचं पोट उघडं आहे. आत काय चाललंय ते डोळ्यांनी वाचता येतं.

यार्को ओइकारिनेन याने ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात हे सुरू केलं. मे १९९३ मध्ये त्याचे नियम आरएफसी १४५९ या दस्तऐवजात लिहिले गेले. त्यानंतर भर बरीच पडली, पण मूळ सांगाडा तोच राहिला. क्लायंट आणि सर्व्हर एकमेकांना साध्या मजकुराच्या ओळी पाठवतात. एक ओळ म्हणजे एक निरोप किंवा एक आज्ञा, आणि तिची कमाल लांबी ५१२ बाइट. हजार निरोप आले-गेले तरी हिशेब अर्ध्या एमबीच्या आसपास. मंद इंटरनेट आणि दहा वर्षांचा प्रोसेसर असला तरी काही बिघडत नाही, ते यामुळेच.

शब्दांची ओळख पटकन करून घेऊ. जो प्रोग्रॅम सतत चालू राहतो आणि सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवतो तो सर्व्हर. प्रत्येकाच्या यंत्रावर असतो तो क्लायंट. खोलीला चॅनेल म्हणतात आणि तिच्या नावाआधी # ही खूण येते. माणसाचं खोलीतलं टोपणनाव म्हणजे निक. सर्व्हरचा मालक म्हणजे ऑपरेटर, लाडाने 'ऑपर'.

फोटो पाठवणं, व्हॉइस कॉल, निरोपावर अंगठा दाखवणं हे सगळं हवं असेल तर आयआरसी तुमच्यासाठी नाही. मजकूर, आणि फक्त मजकूर.

## कोणता सर्व्हर घ्यायचा

मी एर्गो वापरतो (ई-आर-जी-ओ). तो गो भाषेत लिहिलेला, मुक्त स्रोत, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डावरही चालतो. पूर्वी त्याचं नाव ओरागोनो होतं, त्यामुळे जुन्या लिखाणात ते नाव दिसलं तर गोंधळू नका. इन्स्पआयआरसीडी आणि अनरियलआयआरसीडी हे दोन जुनेजाणते सर्व्हर आहेत आणि मोठ्या जाळ्यांसाठी ते उत्तम, पण त्यांच्यासोबत खाती सांभाळणारा प्रोग्रॅम सहसा वेगळा लावावा लागतो. एर्गोमध्ये टोपणनावांची नोंदणी, खोल्यांची मालकी आणि मागचे निरोप दाखवणं हे सगळं एकाच फायलीत येतं. घरच्या वापराला हेच बरं.

प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा त्यांच्या गिटहबवरून तुमच्या यंत्राची आवृत्ती उतरवा. दुसऱ्या कुठल्या 'फ्री डाउनलोड' पानावरून अजिबात नको. दाबलेली फाइल एका स्वतंत्र फोल्डरमध्ये उघडा. इन्स्टॉलर वगैरे काही नाही. फोल्डर हाच सर्व्हर.

आत डिफॉल्ट डॉट यॅमल नावाची फाइल दिसेल. ती नमुना आहे. तिची प्रत करा आणि प्रतीला आयआरसीडी डॉट यॅमल (आय-आर-सी-डी) असं नाव द्या. बदल करायचे ते या प्रतीतच. मूळ नमुना तसाच राहू द्या, कारण काहीतरी मोडलं की ताडून बघायला तोच उपयोगी पडतो.

## सेटिंग्जच्या फाइलशी पहिली भेट

फाइल लांबलचक आहे आणि पहिल्यांदा उघडली की धडकी भरते. पण तिच्यातल्या बहुतेक ओळी टिपा आहेत, आणि पहिल्या दिवशी तुम्हाला चारच गोष्टी बदलायच्या आहेत.

त्याआधी यॅमलच्या एका खोडीबद्दल. या प्रकारच्या फायलीत ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा अर्थपूर्ण असते. कोणती गोष्ट कोणाच्या पोटात आहे हे त्या जागेवरून ठरतं. ती जागा स्पेसबारनेच द्यायची. टॅबची कळ चालत नाही. टॅब आणि स्पेस पडद्यावर सारखेच दिसतात, म्हणून ही चूक डोळ्यांना सापडत नाही. मी एक अख्खी संध्याकाळ एका टॅबपायी घालवली आहे. नोटपॅडऐवजी असा संपादक घ्या जो टॅब आणि स्पेस वेगवेगळे दाखवतो.

आता त्या चार गोष्टी.

नेटवर्कचं नाव. हे क्लायंटमध्ये वर दिसतं. आवडेल ते द्या.

सर्व्हरचं नाव. हे डोमेनसारखं, मध्ये टिंब असलेलं हवं. पुढेमागे स्वतःचं डोमेन लावणार असाल तर आत्ताच तेच लिहा, कारण पुढच्या पायरीत बनणाऱ्या प्रमाणपत्रावर हेच नाव उमटतं.

ऑपरचा पासवर्ड. नमुन्यात 'ॲडमिन' नावाचा ऑपर आधीच असतो आणि त्याच्या पुढे पासवर्डचा हॅश, म्हणजे गुंतवळ केलेलं रूप. तो नमुन्यातला हॅश बदलल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी उघडा, त्या फोल्डरमध्ये जा आणि एर्गो जेनपासडब्ल्यूडी (जी-ई-एन-पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी) ही आज्ञा द्या, लिनक्स आणि मॅकवर तिच्याआधी टिंब आणि तिरकी रेघ लावून. तो पासवर्ड विचारील आणि एक लांब ओळ छापील. ती ओळ जशीच्या तशी फायलीत चिकटवा. खरा पासवर्ड फायलीत कधीच लिहायचा नाही.

चौथी गोष्ट नावांच्या लिपीची, आणि मराठी माणसाने इथे जरा थांबावं. फायलीत केसमॅपिंग नावाची ओळ आहे. ती 'आस्की' असेल तर टोपणनावं आणि खोल्यांची नावं फक्त रोमन अक्षरांत चालतात. 'प्रेसिस' केलं की देवनागरी नावंही ठेवता येतात, म्हणजे खोलीचं नाव थेट #कट्टा. निवड आत्ता, खोली रिकामी असतानाच करायची. नावांची नोंदणी झाल्यावर ही ओळ बदलली तर जुन्या नोंदी कामातून जातात. मी स्वतः नावं रोमनमध्ये ठेवतो, कारण कुणाला निरोप पाठवायचा तर दरवेळी कीबोर्ड बदलावा लागत नाही. गप्पा मात्र देवनागरीतच. निरोपांच्या मजकुराला या सेटिंगचं बंधन नाही.

## पहिला टप्पा: संगणक स्वतःशी बोलतो

त्याच फोल्डरमधून एर्गो मेकसर्ट्स (एम-के-सी-ई-आर-टी-एस) ही आज्ञा द्या. यातून प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी फाइल, आणि त्याची खाजगी किल्ली अशा दोन फायली तयार होतात. मग एर्गो रन. लिनक्स आणि मॅकवर आज्ञेच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ लावायला विसरू नका, नाहीतर टर्मिनल म्हणेल की असा प्रोग्रॅमच नाही. पडद्यावर काही ओळी पळतील आणि शेवटी सर्व्हर कोणत्या दारांवर ऐकतोय ते दिसेल.

या दारांना पोर्ट म्हणतात. आयआरसीसाठी अधिकृत क्रमांक १९४ आहे, पण तो जवळपास कुणी वापरत नाही. १०२४ च्या खालचं दार उघडायला युनिक्ससारख्या यंत्रणांवर मुख्य प्रशासकाचे हक्क लागत, म्हणून लोकांनी ६६६७ धरलं आणि तीच रीत पडली. ६६६७ वरचं बोलणं उघडं असतं, वाटेतला कुणीही वाचू शकतो. ६६९७ वर ते टीएलएसने, म्हणजे वाटेतल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून बोलणं सांकेतिक करणाऱ्या पद्धतीने, कुलूपबंद होतं. एर्गोच्या नमुन्यात ६६६७ फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर उघडं ठेवलेलं असतं. हा पत्ता म्हणजे संगणकाने स्वतःलाच मारलेली हाक. बाहेरचं कुणी त्या वाटेने येऊ शकत नाही. ही सोय तशीच राहू द्या.

आता क्लायंट उघडा. विंडोजवर एमआयआरसी किंवा हॅलॉय, लिनक्सवर हेक्सचॅट, टर्मिनलची आवड असेल तर वीचॅट किंवा इर्सी, अँड्रॉइडवर गोगुमा. हेक्सचॅटचा विकास २०२४ मध्ये थांबला. आज तो चालतो, पण नव्याने शिकणाऱ्याने दुसरा एखादा निवडलेला बरा. क्लायंटमध्ये पत्ता १२७.०.०.१, पोर्ट ६६६७, टीएलएस बंद. स्वागताचा मजकूर आला की जॉइन आज्ञेने खोलीत शिरा. खोली आधी बनवावी लागत नाही. जो पहिला शिरतो त्याच्यासाठी ती तिथेच तयार होते.

इथे एक गंमत करून बघाच, त्यातून जे कळतं ते दहा लेख वाचून कळणार नाही. क्लायंट बंद करा आणि टेलनेट किंवा नेटकॅट या साध्या ओळी पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने त्याच पत्त्याला त्याच दारावर जोडा. आता तुम्हीच क्लायंट. एक ओळ टाइप करा: निक, जागा, तुमचं टोपणनाव. दुसरी ओळ: यूजर, जागा, टोपणनाव, जागा, शून्य, जागा, तारांकन, जागा, आणि विसर्गासारखं दिसणारं कोलन लावून त्याला चिकटून पूर्ण नाव. एंटर मारताच सर्व्हर ००१ या क्रमांकाने सुरू होणारी स्वागताची ओळ पाठवतो. मग जॉइन, जागा, खोलीचं नाव. निरोप पाठवायला प्रिव्हएमएसजी, जागा, खोलीचं नाव, जागा, कोलन आणि मजकूर. बस्स. चकचकीत खिडक्या, रंगीत नावं हा सगळा क्लायंटचा साज आहे. आत या चार आज्ञाच फिरत असतात.

काही वेळ गप्प राहिलात तर सर्व्हर पिंग अशी ओळ पाठवील. 'आहेस का रे?' असं ते विचारणं आहे. पाँग असं लिहून, सोबत त्याने दिलेला शब्द परत केला नाही तर तो तुम्हाला गेलेला समजून जोडणी तोडतो. खरा क्लायंट हे उत्तर तुमच्या नकळत देत असतो. पुढे कधी कुणी 'पिंग टाइमआउट'ने बाहेर पडलेला दिसला, की त्याच्या इंटरनेटने दगा दिला असं समजा.

## देवनागरी आणि ५१२ बाइट

मघाशी ओळीची मर्यादा ५१२ बाइट सांगितली. यात ओळ संपल्याच्या खुणेचे दोन बाइट धरलेले आहेत. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. 'नमस्कार' हा शब्द सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइट. 'स्वातंत्र्य' दिसायला तीन अक्षरांचा, पण आत अकरा चिन्हं आणि ३३ बाइट.

ओळीतली काही जागा पाठवणाऱ्याचं नाव, त्याचा पत्ता आणि खोलीचं नाव खातात. उरलेल्यात देवनागरीची साधारण सव्वाशे ते दीडशे चिन्हं बसतात. म्हणजे दोन मध्यम वाक्यं. चांगला क्लायंट लांब निरोपाचे तुकडे स्वतःच करून पाठवतो. वाईट क्लायंट एखाद्या चिन्हाचे तीन बाइट मधूनच कापतो आणि शेवटी काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह उमटतं. कुणाच्या निरोपाच्या शेवटी ते दिसलं तर सर्व्हरला दोष देऊ नका, त्याचा क्लायंट बदला.

## दुसरा टप्पा: घरातलं दुसरं यंत्र

घरातल्या वायफायवर प्रत्येक यंत्राला राउटर एक खाजगी पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो, कधी १० ने, कधी १७२.१६ ते १७२.३१ च्या दरम्यान असतो. सर्व्हरच्या संगणकाचा पत्ता नेटवर्क सेटिंग्जमध्ये बघा. फोनवरच्या क्लायंटमध्ये तो पत्ता, पोर्ट ६६९७ आणि टीएलएस चालू असं भरा.

फोन लगेच इशारा देईल की प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येत नाही. बरोबरच आहे, कारण ते तुम्ही स्वतःच स्वतःला दिलेलं आहे. बोलणं तरीही कुलूपबंद राहतं. फक्त समोरचा सर्व्हर तोच आहे याची ग्वाही देणारा तिसरा कुणी नाही. चार ओळखीच्या माणसांसाठी सोपा उपाय म्हणजे प्रमाणपत्राचा ठसा, म्हणजे अंक-अक्षरांची ती लांब माळ, त्यांना फोनवर वाचून दाखवायची आणि ती जुळली तरच स्वीकारायला सांगायचं. स्वतःचं डोमेन असेल तर लेट्स एनक्रिप्टकडून फुकट प्रमाणपत्र मिळतं. त्याची मुदत कमी असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा.

आता जोडणी झाली नाही तर? इथे क्लायंट काय म्हणतो ते शब्दशः वाचायची सवय लावा, कारण नकाराचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची दुखणी वेगळी.

पहिला 'कनेक्शन रिफ्यूज्ड', तोही झटकन आलेला. याचा अर्थ हाक संगणकापर्यंत पोचली, पण त्या दारामागे कुणी बसलेलं नाही. सर्व्हर बंद आहे, किंवा पोर्टचा आकडा चुकला, किंवा तुम्ही ६६६७ वर प्रयत्न करताय आणि ते दार घरच्या जाळ्यासाठी उघडंच नाही.

दुसरा 'टाइम्ड आउट', अर्धा-एक मिनिट ताटकळून आलेला. याचा अर्थ हाक वाटेत कुणीतरी गिळली. नव्वद टक्के शक्यता फायरवॉलची, आणि हा आकडा माझ्या अनुभवाचा, मोजून काढलेला नव्हे. विंडोजने पहिल्यांदा चालवताना एक खिडकी दाखवून परवानगी मागितली असेल आणि तुम्ही घाईत ती बंद केली असेल. फायरवॉलच्या यादीत एर्गो शोधा आणि खाजगी नेटवर्कसाठी मुभा द्या. आणखी एक जागा तपासा: विंडोज तुमच्या वायफायला 'पब्लिक' समजत असेल तर खाजगीसाठी दिलेली मुभा लागूच पडत नाही. आणि फोन राउटरच्या 'गेस्ट' वायफायवर असेल तर सोडूनच द्या. तिथल्या यंत्रांना घरातली इतर यंत्रं दिसू नयेत यासाठीच ते जाळं असतं.

फोन आत आला, दोन्हीकडून गप्पा झाल्या, की राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सर्व्हरच्या संगणकाला कायमचा एकच पत्ता मिळेल अशी राखीव नोंद करा. नाहीतर एक दिवस वीज जाईल, पत्ते अदलाबदल होतील आणि पुढच्या टप्प्यात केलेली सगळी मांडणी भलत्याच यंत्राकडे बोट दाखवत राहील.

## बाहेरच्यांना बोलावण्याआधी दाराला कडी

घरातलं जाळं आणि बाहेरचं जग यात फरक आहे. दार उघडताच काही तासांत, कधी काही मिनिटांत, अनोळखी यंत्रं ठोठावू लागतात. ती माणसं नसतात. सगळे पत्ते ओळीने चाचपणारे प्रोग्रॅम असतात. घाबरायचं कारण नाही, पण कडी घालून ठेवायची.

आयआरसीडी डॉट यॅमलमध्ये सर्व्हरच्या विभागात पासवर्डची ओळ टीप करून बंद ठेवलेली असते. ऑपरसाठी केला तसाच हॅश करून इथे टाका आणि ओळ चालू करा. आता हा पासवर्ड माहीत असल्याशिवाय कुणालाच आत येता येणार नाही. ज्याला मी रोज ओळखीच्यांतच बसणार आहे हे नक्की माहीत आहे, त्याने याहून कडक रीत वापरावी: सार्वजनिक नोंदणी बंद करायची, सॅसल सक्तीचं करायचं, म्हणजे खातं असल्याशिवाय प्रवेश नाही, आणि प्रत्येक मित्राचं खातं आपण ऑपर म्हणून निकसर्व्हच्या (टोपणनावांची खाती सांभाळणारा एर्गोमधलाच मदतनीस) सारेजिस्टर (एस-ए रजिस्टर) आज्ञेने स्वतः उघडून द्यायचं. मी असंच करतो. थोडं काम वाढतं, पण एकाला काढायचं झालं तर सगळ्यांचा पासवर्ड बदलत बसावा लागत नाही.

खोलीही आपल्या नावावर करून घ्या. खोलीत असताना चॅनसर्व्हला (खोल्या सांभाळणारा तसाच मदतनीस) रजिस्टर आणि खोलीचं नाव असा निरोप पाठवला की ती तुमच्या मालकीची होते आणि रिकामी झाली तरी तिचे नियम टिकतात.

फाइल बदलल्यावर सर्व्हर दरवेळी बंद करायला नको. ऑपर म्हणून शिरून रीहॅश ही आज्ञा दिली की बहुतेक बदल जागच्या जागी लागू होतात आणि कुणाची जोडणी तुटत नाही.

## तिसरा टप्पा: वेशीबाहेर

आधी एक परीक्षा. राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा, म्हणजे वॅन बाजूचा पत्ता बघा. मग 'माझा आयपी काय' असं सांगणारं कुठलंही पान उघडा. दोन्ही पत्ते सारखे असतील तर तुम्ही भाग्यवान. वेगळे असतील तर तुमचा सेवा पुरवणारा अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतोय. याला सीजीनॅट म्हणतात, आणि त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ पर्यंतचे पत्ते मुद्दाम राखून ठेवलेले आहेत. राउटरवर असा पत्ता दिसला तर पुढचा पोर्ट फॉरवर्डिंगचा परिच्छेद तुमच्या कामाचा नाही, कितीही डोकं आपटलं तरी. लोक इथेच आठवडे घालवतात.

सीजीनॅट नसेल तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचं पान शोधा आणि एकच नियम घाला: बाहेरून टीसीपी ६६९७ वर येणारं सगळं सर्व्हरच्या संगणकाच्या ६६९७ कडे. ६६६७ फॉरवर्ड करू नका. 'डीएमझेड' नावाचं बटण मोहात पाडील, कारण त्याने सगळं एका फटक्यात चालतं. ते संगणकाची सगळीच दारं जगाला उघडतं, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका. तुमचा बाहेरचा पत्ता अधूनमधून बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएसची, म्हणजे बदलता पत्ता एकाच नावाशी जोडून ठेवणारी सेवा लावा. बऱ्याच राउटरांत ती आतच असते.

तपासणी मात्र घरच्या वायफायवरून करू नका. अनेक राउटर आतून निघून बाहेरच्या पत्त्याने परत आत येणारी हाक वळवतच नाहीत, त्यामुळे सगळं ठीक असूनही नकार येतो. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून जोडून बघा. माझ्या त्या दोन रात्रींतली निम्मी चूक हीच होती.

सीजीनॅट असेल तर वाटा आहेतच. सेवा पुरवणाऱ्याकडून सार्वजनिक पत्ता मागून घेता येतो. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते मिळत असतील आणि मित्रांकडेही असेल तर प्रत्येक यंत्राला थेट पत्ता असतो, तिथे फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये ६६९७ साठी मुभा द्यायची. पण पाच-सात जणांच्या टोळक्यासाठी मला टेलस्केलसारखं खाजगी जाळं सगळ्यात सरळ वाटतं. सगळ्यांच्या यंत्रांवर ते बसवलं की जणू सगळे एकाच घराच्या वायफायवर आहेत. राउटरला हात लावायला नको, जगाला दार उघडायला नको, म्हणजे दुसऱ्या टप्प्यावरच काम संपलं. किंमत एवढीच की प्रत्येक मित्राला एक जास्तीचा प्रोग्रॅम बसवावा लागतो, आणि 'कोणतीच कंपनी नको' या मूळ हट्टाला किंचित मुरड घालावी लागते. ती नको असेल आणि सर्व्हर सार्वजनिक पत्त्यावर असेल तर वायरगार्डने तसंच खाजगी जाळं स्वतः मांडता येतं. सीजीनॅटमागे मात्र टॉर या निनावी जाळ्याची ओनियन सेवा उपयोगी पडते. तिला पोर्ट फॉरवर्डिंगच लागत नाही.

## चालू ठेवणं

लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो आणि त्याच्याबरोबर खोली. पॉवर सेटिंग्जमध्ये झोप बंद करा, झाकण मिटल्यावर 'काहीही करू नका' निवडा. मात्र झाकण मिटून लॅपटॉप गादीवर वा कपाटात ठेवू नका, हवा खेळायला हवी. यंत्र सुरू झाल्यावर सर्व्हर आपोआप उठावा यासाठी लिनक्सवर सिस्टिमडीची छोटी सेवा लिहा, विंडोजवर टास्क शेड्यूलर वापरा. लिनक्सवर एर्गो मुख्य प्रशासकाच्या नावाने चालवू नका. त्याच्यासाठी कमी हक्कांचा वेगळा वापरकर्ता बनवा. ६६९७ साठी जास्तीचे हक्क लागतच नाहीत.

मागचे निरोप एर्गो मेमरीत ठेवतो. मित्र उशिरा आला तरी त्याला झालेल्या गप्पा वाचता येतात, पण सर्व्हर बंद होताच तो साठा जातो. कायमचा हवा असेल तर मायएसक्यूएलसारखा वेगळा डेटाबेस जोडावा लागतो. मी जोडलेला नाही. कट्ट्यावरच्या गप्पा दुसऱ्या दिवशी वाऱ्यावर गेलेल्याच बऱ्या, असं माझं मत. कुणाला फोन बंद असतानाही खोलीत 'हजर' राहायचं असेल तर निकसर्व्हला सेट ऑल्वेज-ऑन ट्रू असं सांगायचं, म्हणजे त्याचं नाव यादीत राहतं आणि परत आल्यावर मधले निरोप मिळतात.

मित्रांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. टीएलएसचं कुलूप त्यांच्या यंत्रापासून तुमच्या सर्व्हरपर्यंत आहे. सर्व्हरवर निरोप उघडा होतो, आणि सर्व्हर तुमच्या टेबलावर आहे. तुम्ही वाचणार नाही हा तुमचा शब्द झाला; यंत्राची हमी नव्हे. दोघांतले खाजगी निरोपही याला अपवाद नाहीत.

जपून ठेवायच्या फायली तीनच प्रकारच्या: आयआरसीडी डॉट यॅमल, खात्यांचा साठा असलेली आयआरसीडी डॉट डीबी, आणि प्रमाणपत्राची जोडी. डीबीची प्रत सर्व्हर थांबवून घ्या. नवी आवृत्ती आली की आधी ही प्रत, मग नव्या फोल्डरमधला प्रोग्रॅम जुन्याच्या जागी, मग नवा डिफॉल्ट डॉट यॅमल आपल्या फायलीशी ताडून बघणं, आणि मग सर्व्हर सुरू. सुरू झाल्यावर पुन्हा पहिल्या टप्प्यापासून एकदा हाक मारून बघा: आधी १२७.०.०.१, मग फोनचं वायफाय, मग मोबाइल डेटा. तीन मिनिटांचं काम आहे.